लेझर आणि नोरीनचं डांबर

नाही, पण मला एक सांगा, लेझर म्हणजे शेवटी उजेडच ना? मग उजेडाचं काम काय? काचेतून आरपार जाणं! हे मला, लाकडाच्या गिरणीत चौदा वर्षं ओंडके ढकललेल्या माणसाला कळतं, आणि त्या आर्लो पाशेकोला कळू नये? ज्याचं गावात लेझरचंच दुकान आहे त्याला? बोलिंगचे कप, कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले, थडग्यावरच्या पाट्या... सगळ्यांवर नावं कोरतो तो त्या लेझरनं! माझ्या नोरीनची पाटीसुद्धा त्यानंच कोरली. आणि तोच माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून, छाती पुढे काढून काय म्हणतो? "लायल, हात न लावता! लिहून ठेव. हात न लावता!"

आता हाताचं काय ते सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. हे बघा. हे मी मुद्दाम हलवत नाहीये. दोन वर्षं झाली, हे असंच. कॉफी प्यायची म्हणजे अर्धी मला आणि अर्धी शर्टाला. आणि वर ही कंबर! गिरणीत एकदा एक ओंडका सुटला, पाच माणसांना चुकवून नेमका माझ्यापाशी येऊन थांबला. आज एकाहत्तर वर्षांचा आहे, अजून रोज दुपारी चारच्या ठोक्याला तो ओंडका आठवण करून देतो. त्यावर औषध एकच. गांजाचा अर्क. दचकता काय असे? दुसरीकडे ऊस पिकतो, आमच्या हम्बोल्टच्या डोंगरात गांजा पिकतो. पूर्वी शोधायला हेलिकॉप्टर यायचं, तेव्हा आम्ही झाडं लपवायचो. आता कायद्यानं परवानगी आहे, तर सरकारी माणूस अर्ज घेऊन येतो, आता आम्हीच लपतो.

तर अर्क. फुलं दोन तापलेल्या पाट्यांमध्ये ठेवायची, दांडा दाबायचा, अर्क गळतो. तो ओढायचा कसा? गारगोटीच्या काचेची एक एवढीशी वाटी असते, ती गॅसच्या बत्तीनं लालभडक करायची, मग जरा निवू द्यायची, मग त्यात थेंब टाकायचा आणि वाफ ओढायची. धूर नाही हं, वाफ! धूर माझ्या छातीला सोसत नाही. आणि ती बत्ती कोण धरायचं? नोरीन. माझे हात धड होते तेव्हापासून, आठ वर्षं रोज चार वाजता तिनं बत्ती धरली. आणि वाटी निवेपर्यंत मोजायची, "एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी..." आमच्याकडे सेकंद मोजताना मध्ये नदीचं नाव घेतात, म्हणजे माणूस घाई करत नाही. पंचेचाळीस मिसिसिपी झाल्या की म्हणायची, "हं, टाक आता." खरं सांगू? चाळिसाव्या मिसिसिपीलाच माझी कंबर निम्मी दुखायची थांबलेली असायची.

फेब्रुवारीत नोरीन गेली. मार्चमध्ये मी स्वतः बत्ती धरली. पुढचं तुम्हीच ओळखलं असेल... पडदा! तिनं शिवलेला, कोंबड्यांच्या चित्रांचा. वाटी राहिली थंड आणि कोंबड्या भाजल्या.

लेक आली धावत. जॅनेल. सॅक्रमेंटोला नर्स आहे. आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घरातल्या पाचही बत्त्या उचलून गाडीच्या डिकीत टाकल्या. म्हणाली, "डॅड, या घरात पुन्हा आग दिसली की तू माझ्याकडे राहायला यायचंस. खोली रंगवून ठेवलीय." म्हटलं, मग माझी कंबर? म्हणाली, "दोन आठवडे देते. बिनआगीचं काही जमव. त्या रविवारी येताना मी तुझं सामान भरायला खोकी घेऊनच येईन. जमलं असेल तर खोकी रिकामी परत जातील." खोलीचा रंग कुठला विचारलं, तर म्हणे फिकट जांभळा. एकाहत्तराव्या वर्षी फिकट जांभळ्यात झोपू मी? आणि रंगाचं एक वेळ सोडा हो. इथल्या टेकडीमागे नोरीन आहे, तिला काय सांगू? लेकीकडे जातो, खोली रंगवलीय?

आता तुम्ही म्हणाल, लायल, मग बाजारात विजेवर चालणारी नळी मिळते, ती घे की! घेतली ना! तिला एकच बटण. पाच वेळा दाबलं की चालू, पाच वेळा दाबलं की बंद. आणि माझं बोट एकदा दाबायला गेलं की दाबतं अकरा वेळा! अकरा म्हणजे चालू, बंद आणि वर एक! मग म्हणाल, खाऊन टाक. खाल्लं की दोन तास वाट बघायची आणि मग दोन दिवस शुद्धीवर येण्याची वाट बघायची. नको ते.

म्हणून आर्लो. एक खोकं घेऊन आला. आत वरच्या बाजूला निळा लेझर बसवलेला, खाली वाटी ठेवायला जागा, भोवती नारिंगी काच, डोळ्यांवर वेगळा नारिंगी चष्मा. आणि चालू कशानं करायचं? पायानं! नोरीनच्या शिवणयंत्राचं पायपट्टं काढून जोडलं होतं त्यानं. म्हणाला, "पाय थरथरतात का तुझे? नाही ना? मग झालं! आग नाही, बत्ती नाही, थांबणं नाही. हात न लावता!"

गुरुवारी पहिला प्रयोग. मी माझा सगळ्यात उत्तम अर्क काढला. उत्तम म्हणजे काय, सांगतो. जत्रेत स्पर्धा असते आमच्या, तिथं परीक्षक अर्काची चकती वर्तमानपत्रावर ठेवतात आणि खालची अक्षरं वाचून बघतात. माझ्या अर्कातून अक्षरंच काय, खालच्या बातमीतल्या चुका दिसतात! सहा निळ्या फिती आहेत भिंतीवर, म्हणजे सहा वेळा पहिला नंबर. तर तो थेंब वाटीत ठेवला, चष्मे चढवले, मी नळी तोंडात धरली, आर्लो ओरडला, "दाब!" दाबलं. एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी, तीन... वास आला. पण वास कसला? लाकडाचा! थेंब बघावा तर गार. वाटी बघावी तर गार. आणि खाली जेवणाच्या टेबलाला, नेमकं मी बसतो तिथं, भोक!

आर्लो म्हणतो, "ताकद कमी पडली." म्हटलं, टेबलाला विचार कमी पडली का ते! नाही ऐकला. शुक्रवारी ताकद वाढवली. थेंब गार, वाटी गार, टेबलातून आरपार आणि खालच्या फरशीवर काळा डाग. मी बूट मागे घेतला म्हणून, नाहीतर नखसुद्धा कोरलं असतं यानं! मग म्हणाला, वाटीला खालून काळा रंग देऊ, उजेड अडेल. दिला. अडला उजेड, तापली वाटी, आणि जळक्या रंगाचा असा भपकारा सुटला की आम्ही दोघं अंगणात जाऊन पाऊण तास खोकत उभे. शेजारीण कुंपणावरून म्हणते, "काय रे, पेटलं का काही?" म्हटलं, नाही बाई, तेच तर दुखणं आहे!

शनिवारी सकाळी आर्लो बसून राहिला. वाटी उजेडात धरली, थेंब उजेडात धरला, आणि हळूच म्हणाला, "लायल, तुझी मेहनतच नडतेय रे." म्हटलं, म्हणजे? "म्हणजे उजेड अडायला त्यात काहीतरी काळं पाहिजे. काहीतरी घाण. तुझ्या अर्कात काही सापडतच नाही त्याला! मला दुकानात कळतं हे, पारदर्शक प्लास्टिकवर हा लेझर चालतच नाही. पण अर्क एवढा स्वच्छ कोणी काढत असेल असं मला वाटलं नव्हतं." आता ही शिवी समजायची की शाबासकी? तीस वर्षं मी रंग फिका व्हावा म्हणून मरमर मेलो, आणि हा विचारतो, "घरात काही घाण आहे का? काळंबेरं, करपलेलं, काहीही?"

माझ्या घरात? घाण? मी तोंड उघडणार होतो... आणि आठवलं.

ते सांगायला मला जड जातं. पण सांगतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात होतो. घरी येईन तेव्हा मला अर्क लागेल म्हणून नोरीननं एकटीनं पाट्या तापवल्या. जन्मात कधी केलं नव्हतं तिनं. पाट्या जास्त तापल्या, दांडा जास्त वेळ दाबून धरला, आणि जे निघालं ते काळंकुट्ट. मी घरी आलो, सहा माणसं भेटायला बसलेली, तिनं बरणी माझ्या हातात दिली. आणि मी म्हणालो, "नोरीन, यानं समोरचा रस्ता कर, फार खड्डे पडलेत." सगळे हसले. तीसुद्धा हसली. त्या दिवसापासून त्या बरणीचं नाव डांबर. कोणी आलं की मी म्हणायचो, डांबर दाखव गं! आणि ती दाखवायची. मी तिच्या हौसेची, तिच्या काळजीची सहा माणसांत थट्टा केली आणि नऊ वर्षं करत राहिलो. एकदाही माफी मागितली नाही. सुचलंच नाही हो मला.

बरणी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या मागे होती. तिनं टाकली नव्हती. वर चिठ्ठी तिच्या अक्षरात. "लायलसाठी. लागेल तेव्हा."

आर्लोनं सुईच्या टोकावर एवढासा कण घेतला, माझ्या फितीवाल्या अर्कात मिसळला. चष्मे. नळी. पाय पायपट्ट्यावर. एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी... आणि तिसऱ्या मिसिसिपीला वाफ! पांढरी, गोड, ना जळका वास, ना टेबलाला भोक! आर्लो नाचायला लागला, "हात न लावता! बघितलंस? हात न लावता!" आणि मी काय करत होतो? रडत होतो. म्हटलं, चष्म्यात वाफ गेली.

रविवारी जॅनेल आली. चार रिकामी खोकी घेऊन. मी बसलो, पाय दाबला, वाफ ओढली, दोन्ही हात असे वर धरून! तिनं लेझरच्या खोक्याभोवती फेरी मारली, तारा तपासल्या, वाकून बघितलं. "डॅड, टेबलाला भोक कसं पडलं?" म्हटलं, ते आगीचं नाही, उजेडाचं आहे. आपलं ठरलं होतं ते आगीचं. मग तिला बरणी दिसली. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. झाकण घट्ट केलं, बरणी परत वाटाण्यांच्या मागे ठेवली, आणि बराच वेळ फ्रीजचं दार उघडंच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "भोकावर काहीतरी अंथर. घास पडेल त्यातून." आणि खोकी घेऊन गेली. रिकामी!

जिंकलो म्हणायचं. राहिलो घरी. रोज चार वाजता बसतो, मोजतो. पण बरणी केवढी? एवढीशी. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल, मग? आर्लो म्हणतो, "मग काय, नवीन कर! थोडा वेळ जास्त दाबून धरायचं, करपलं की झालं. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे म्हणे! परवापासून तेच करतोय. पाट्या तापवल्या, फुलं ठेवली, दांडा दाबला, मनाशी ठरवलं, आज काळं झाल्याशिवाय सोडायचं नाही. आणि रंग जरा तांबूस व्हायला लागला की हा... हा हात! कॉफीचा कप न धरता येणारा हा हात आपोआप दांडा वर उचलतो. जरासुद्धा न थरथरता! सात वेळा केलं. सातही वेळा लख्ख, खाली वर्तमानपत्र ठेवावं असं. हात न लावता सगळं होईल म्हणत होता ना आर्लो? होतं की. फक्त आधी नोरीनचा हात लागावा लागतो... आणि मी बसलोय इथे सात बरण्या घेऊन, नऊ वर्षं हिला हसलो, आणि आता हिच्याइतकं वाईट मला जमत नाहीये हो!