विहिरीतलं कासव सातव्या मजल्यावर

धायरीच्या बसमध्ये प्रेमलाबाई शेजारी बसलेल्या सुनेने त्यांच्या कवितेसाठी काढलेलं चित्र निरखत होत्या. मागच्या सीटवर सुखदेवराव नावाच्या प्रवाशाच्या हातात पेपर होता. वाचन मात्र पुढच्या सीटचं चाललं होतं.

"राजनंदिनी, माझी कविता बुजवलेल्या विहिरीवर हाय. तू बिल्डिंग काढलीस?"

"आई, विहिरीच्या जागी बिल्डिंगच झालीय. उद्या तिथेच राहायला जायचंय आपल्याला."

"मी न्हाय येणार."

"सातव्या मजल्याच्या गॅलरीत कोण बसलंय, बघा तरी."

"अगं बया, कासव! आपल्या विहिरीत सोडलेलं?"

"तेच. तुमच्या आधी पोचलंय."

"आन् गॅलरीतनं पाणी कशाचं वघळतंय?"

"विहीरही आलीय त्याच्याबरोबर."

"...मग माझी शेवटची ओळ खोड. 'विहीर बुजली' नको. 'विहीर वर गेली', असं लिही."

"आणि तुम्ही?"

"मला जिन्यात काढ. चढताना."