आसरांच्या डोहातली मरळ

न्हाई न्हाई, निवृत्तीभाऊ, ते पोतं चुलीपाशी नका आणू — ऱ्हाऊ द्या तिथंच, उंबऱ्यापाशी. शी! हात लावला तर पोट कसं लिबलिब लागतंय — अन् ही बघा, पिवळी अंडी आली बोटावर. गाभण मरळ हाय ही! सुपारी फोडायच्या दिवशी नवरीच्या घरी पोटुशी मासोळी धाडली तुमच्या भाच्यानं, भुजंगानं? अन् जित्ती हाय अजून, तोंड वासून राहिली. सिंधे, ए सिंधे, रांजणातलं तांब्याभर पाणी वत गं त्या पोत्यावर. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं — औंदा माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् मी हिला पाजू!

हसू नका. कुठून धरली म्हणलं त्यानं? — हाव, ऐकलं मी मघाशीच, तरी पुन्हा इचारून राहिले. आसरांच्या डोहातून. म्हंजी आमच्याच गावाच्या, अन् धरून तुमच्या हाती दिली. तुमीबी भोईच ना? का भाचा लातूरच्या कचेरीत चिकटला तवापासून सगळं इसरले? होळी झाली की मांजरा नदीचं पाणी तापतं, काठाला पाय घातला तर न्हाणीतल्या पाण्यावानी. असल्या पाण्यात मरळ अंडी घालती व्हय? न्हाई घालत. पोटात धरून बसती, अन् खाली जाती डोहात, कपारीला, जिथं झरा हाय, गार हाय. पाणी निवलं की मग येती काठाच्या गवतात, तिथं घरटं करती — अन् तिचा नर राखण करतो, लाल लाल पिल्लं वरी अन् हा खाली. नर! मासोळीतलाबी नर! तवर त्या डोहाला हात लावायचा न्हाई. माझ्या सासऱ्यानं लावला न्हाई, त्याच्या बापानं लावला न्हाई. पाण्यातल्या देवी, साती आसरा, कोपतात म्हणायचे — आसरा कोपो न कोपो, माणसाला कळाया नको का? मरळीला दम घ्यायला पाण्याच्या वरी यावं लागतं. दम घ्यायला आली की धरायची, ह्याला काय मर्दपणा लागतो? जाळंबी लागत न्हाई, टोपलीनं धरली असंल — हाव म्हणतात वरून!

काय? साहेबाला? — नवा जिल्हा झाला, साहेब लोक आले, अन् ह्याची चपराशाची नोकरी पक्की व्हावी म्हणून दर ऐतवारी एक गाभण मरळ बंगल्यावर? त्याच डोहातून? बाईसाहेबाला अंडी तळून आवडतात — अगं बाई, अन् किती मोठेपणानं सांगून राहिले तुमी! मला वाटलं, एखादी चुकून धरली असंल पोरानं. हा तर डोह रिता करून राहिला.

मासोळीच तर हाय, म्हणता? हाव, हाय. आमी खातो, इकतो, त्याच्यावरच जगतो — मी काय माळकरीण न्हाई. पण येळ असती हो. बहात्तरला मी खडी फोडली, ठावं हाय? दुष्काळी कामावर, वैशाखात, आठवा महिना होता मला. दगड असा तापायचा की हाताला फोड. मुकादमाला म्हणलं, दादा, लिंबाखाली बसू द्या, दम घेऊ द्या जरा. तर म्हणायचा, सरजे, बसलीस की आजचा खाडा. त्याच्या वरी साहेब होता, त्याला काम दाखवायचं होतं. पोरगं झालं ते निळं — ऱ्हाऊ द्या. कशाला निघालं माझ्या तोंडून! सिंधीलाबी कधी सांगितलं न्हाई. तिला वाटतं, तिच्या पाठीवर कुणी झालंच न्हाई.

नोकरीवाला पोरगा हाय, कळतंय मला. सिंधीच्या मनात भरलाय, तेबी कळतंय — तुमी येणार म्हणून सकाळपून तीनदा येणी घातली तिनं. तिचा बाप म्हणतो, दारात आलेली लक्षुमी लाथाडू नको. म्हणून तर न्हाई म्हणाया इतका येळ लागला मला. पण उद्या ही पोटुशी राहिली, उन्हाळ्यात दम लागून बसली, अन् तवा तुमच्या भाच्याला साहेबाकडून काय पाहिजे असलं तर — न्हाई. मी देत न्हाई पोरगी. रडंल, वरीसभर बोलणार न्हाई माझ्याशी. नगं बोलू.

सिंधे, पाणी वतलं का गं? सिंधे — अन् पोतं कुठाय? इथंच तर होतं, उंबऱ्यापाशी. घागर न्हाई जाग्यावर. रांजणबी रिता… अन् हे बघा, फुफाट्यात थेंब सांडत गेलेत, अंगणातून पार खाली — डोहाच्या वाटंला.

उठा, भाऊ. टोपी घ्या. सुपारी खिशातच ऱ्हाऊ द्या. अन् च्याचं म्हणाल तर — पाणी संपलं घरातलं.