अकरा काचा

चांगुणाबाई : हात दे. दे म्हणते ना! ह्या बांगड्या गेल्या रविवारी भरलीस, तवा मनगटात नुसत्या फिरायल्या व्हत्या. आता बघ, रुतून बसल्यात.

महानंदा : आठवा लागला, मावशी. अंग भरतंच. ती काचांची पेटी इकडं सरकवा.

चांगुणाबाई : भरलेलं अंग असलं नसतंय. बावीस वर्सं सुईणपण करून मग इथं दवाखान्यात आया झाले मी. पायाला बोट दाबलं की खळगा पडायलाय, अन् लवकर भरंना. डॉक्टरला दाखीवलीस?

महानंदा : डॉक्टर कॅम्पला गेलेत. सोमवारी येतील. अन् सोमवारीच बेंगळूरचे साहेब तपासणीला. दोनशे चाळीस काचा ऱ्हायल्यात. एकेका काचेवर एकेका माणसाच्या बोटाचं रक्त. कुणाला हिवताप अन् कुणाला साधा, ते मीच बघून लिहायचं.

चांगुणाबाई : अन् रजेचा अर्ज?

महानंदा : माणिकराव साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. दहा दिवसांनी माझं वर्ष पुरं होतंय. त्याआधी मंजुरीबिगर घरी बसले तर नोकरी कायम होत न्हाई.

चांगुणाबाई : नोकरी जाऊ दे की मग.

महानंदा : आमच्या वस्तीत बी.एस्सी. झालेली मी पहिली, मावशी. अप्पानी कमठाण्याला विहारात पेढे वाटलेत. कसं जाऊ देऊ?

(मलेरिया निरीक्षक माणिकराव रजिस्टर घेऊन आत येतात.)

माणिकराव : बाई, हे काल तुम्हीच लिहिलं ना? खटकचिंचोळीच्या बारा काचा, त्यातल्या अकरांत जंतू. सत्याहत्तरला अख्ख्या वर्षात तिथं तीन निघाले होते.

महानंदा : जे दिसलं ते लिहिलं, साहेब.

माणिकराव : पक्कं?

महानंदा : मायक्रोस्कोपची लेन्स तीनदा पुसली. पुसली तरी दिसायलेत.

माणिकराव : तुमच्या भरवशावर सकाळीच जीप सोडली मी. फवारणीची टोळी, औषधं, सगळं. आता उद्याच परत येतील. खोटं निघालं तर सोमवारी माझी मान जाईल. माझ्याआधी तुमची.

महानंदा : साहेब, रजेचं तेवढं...

माणिकराव : सोमवार होऊ द्या. अवो, बाया शेतात बाळंत होऊन उठतात. तुम्ही तर पंख्याखाली बसून हाव.

चांगुणाबाई : पंखा उगादीच्या पाडव्यापासून बंद हाय, साहेब.

माणिकराव : तुला विचारलं का मी? काचा दे त्यांना. बाई, एक काच माझ्यासमोर वाचा बघू.

महानंदा : वाचते. डोकं तेवढं ठणकायलंय, उलशिक थांबा... हां. हा एक. दोन. कडेला अजून दोन. साहेब, ही तर लई भरलेली हाय. सहा... सात...

माणिकराव : कुठल्या गावची ही?

चांगुणाबाई : साहेब.

माणिकराव : आता काय?

चांगुणाबाई : काच माझ्याच हातात हाय. मी अजून पुसायलेय.

माणिकराव : मग मशीनखाली काय हाय?

चांगुणाबाई : काई न्हाई. उजेड हाय नुसता. महानंदा, वर बघ. भिताडाकडं. तिथं बी दिसायलेत?

महानंदा : ...व्हय.

चांगुणाबाई : कवापासून?

महानंदा : कालपासून. मला वाटलं, लई वेळ डोळा लावून बसल्यानं.

चांगुणाबाई : अन् पोटात?

महानंदा : पोटात न्हाई. हितं वर, बरगडीखाली आवळल्यावानी होतंय.

चांगुणाबाई : माय गं! राजूबाई बी असंच म्हणली व्हती. दुपारी डोळ्यापुढं काजवे, अन् सांजच्याला दातखीळ. दोघीजणी धरल्या तरी अंग आवरंना.

माणिकराव : कोण राजूबाई? आता कुठं असते?

चांगुणाबाई : कुठं असंल, साहेब? लेकरू बी न्हाई वाचलं. जीप बोलवा. हिला बिदरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. आताच्या आता.

माणिकराव : जीप...

चांगुणाबाई : बघत कामून उभारलाव? बोलवा की!

महानंदा : जीप खटकचिंचोळीला हाय, मावशी. मीच धाडली.

माणिकराव : ती टोळी शेतवस्त्यांवर फिरत असंल. फोन करू तर कुणाला करू? बैलगाडी सांगतो. न्हाईतर पाचची बस हाय.

चांगुणाबाई : अन् आता किती वाजलेत?

माणिकराव : साडेअकरा.

चांगुणाबाई : गाडी सांगा, साहेब. पळा. महानंदा, तू आडवी हो. डाव्या कुशीवर.

महानंदा : होते. आधी रजिस्टर द्या इकडं.

चांगुणाबाई : आग लाव त्या रजिस्टरला!

महानंदा : तिथल्या लोकांना फुकट गोळ्या खायला लावतील, मावशी. त्या अकरा खोडू द्या.

चांगुणाबाई : हे घे. हा पेन. खोड अन् पड गपचीप.

महानंदा : मावशी, ओळीवर माझं बोट ठेवा. मला पान दिसंना.