तितकीच छान

ती: थांबा, थांबा. एकदम एवढं ओतू नका. आधी 'ॲज', मग ब्युटिफुल, मग परत 'ॲज'?

सर: हो. गुणाच्या पुढे एक, मागे एक. धिस फ्रेम इज ॲज ब्युटिफुल ॲज दॅट वन.

ती: म्हणजे मधे चोर आणि दोन बाजूंना दोन पोलीस.

सर: तसं म्हणा हवं तर. म्हणून बघा.

ती: धिस फ्रेम इज ॲज ब्युटिफुल दॅट वन.

सर: मागचा पोलीस पळाला.

ती: अगंबाई! ब्युटिफुल ॲज दॅट वन. या वयात जीभ वळायची म्हणजे काय खायचं काम आहे? पण आमच्या नव्या मॅनेजरला कोण सांगणार? म्हणतो, मॅडम, चष्म्याच्या दुकानात आता मोठमोठ्या कंपन्यांतली गिऱ्हाइकं येतात, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलायचं. मी म्हटलं, बाबा रे, नाक सगळ्यांचं सारखंच असतं.

सर: काय म्हणाला?

ती: हसला. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लावली. मराठी बोलेल त्याला दंड नाही, एवढीच मेहेरबानी. ते जाऊ द्या. अजून कसं म्हणता येतं?

सर: मधे जोर द्यायचा असेल तर 'जस्ट' घालायचा. जस्ट ॲज ब्युटिफुल. दोन्ही एकदम घ्यायच्या असतील तर बोथ आर इक्वली ॲट्रॅक्टिव्ह. आणि जरा ऐटीत सांगायचं असेल तर 'नो लेस'. धिस वन इज नो लेस ॲट्रॅक्टिव्ह.

ती: ऐटीतलं राहू दे. मला 'जस्ट'वालं द्या. दुकानात तेच लागेल.

सर: मग आता दुकानाबाहेरचं एक वाक्य करा. आजूबाजूला बघून.

ती: तुमची बाल्कनी आहे ना, ती... छे. तुलना कशाशी करू? मला बाल्कनीच नाही. एक खिडकी आहे, ती उघडली की शेजारच्यांची भिंत.

सर: घरातलं दुसरं काही घ्या.

ती: घरात दोन खोल्या. एक माझी, एक आईची. म्हणजे होती. आई गेल्यापासून... 'रिकामी'ला काय म्हणायचं?

सर: एम्प्टी.

ती: बोथ रूम्स आर इक्वली एम्प्टी.

सर: वाक्य बरोबर आहे. पण आपण सुंदर गोष्टींची तुलना करतोय.

ती: हो, ते राहिलंच.

सर: चहा गार झाला. दुसरा करू?

ती: नको. मला गार चालतो. दुकानात गरम चहा कधी मिळालाय? कप तोंडाला लावला की गिऱ्हाईक येतंच. सर, तो फोटो... तुमच्या मिसेस का त्या?

सर: हो.

ती: कुठे काढलेला?

सर: नदीवरच्या पुलावर. भावाकडे गेलो होतो तेव्हा. वारा होता, केस तोंडावर येत होते. ती नको नको म्हणत होती आणि वहिनी काढत होती.

ती: म्हणजे ज्यांनी आपली गाठ घालून दिली, त्याच वहिनी?

सर: त्याच.

ती: देखण्या होत्या हो. सांगितल्या होत्या त्याहून.

सर: यू आर... यू आर जस्ट ॲज ब्युटिफुल ॲज शी वॉज.

(ती फोटोसमोरून हलत नाही.)

ती: बरोबर आहे ना वाक्य?

सर: व्याकरणाच्या दृष्टीनं, हो.

ती: मला दुकानात हे वाक्य कशासाठी हवंय, ते तुम्ही विचारलंच नाहीत.

सर: कशासाठी?

ती: गिऱ्हाईक एक फ्रेम मनात धरून येतं. वर्षानुवर्षं वापरलेली असते, ती तुटते, मग म्हणतात, अगदी अश्शीच द्या. ती तर कंपनीनं कधीच बंद केलेली असते. मग मी दुसरी काढते, पुसते, पुढे करते आणि म्हणते, ही पण तितकीच छान आहे.

सर: मी तशा अर्थानं नाही म्हणालो.

ती: घेतात हो लोक. न घेऊन करतील काय, चष्म्याशिवाय दिसत कुठे असतं? पण ती लावून आरशात बघताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मी रोज बघते.

सर: चुकलं माझं.

ती: चुकलं असं नाही. पण इंग्रजीत का म्हणालात?

सर: आपल्या भाषेत जीभ अडली असती. इंग्रजीत मला काहीही म्हणता येतं. दिवसभर तेच करतो. नोकरीच्या मुलाखतींसाठी पोरं येतात, त्यांच्याकडून घोकून घेतो, मला आव्हानं आवडतात, मला माणसांत मिसळायला आवडतं. कुणालाच आवडत नाही. मलाही नाही. पण वाक्य चोख असतं.

ती: मग आता अडू दे जीभ. सांगा, मी आहे का तितकीच?

सर: नाही.

ती: बरं.

सर: म्हणजे तुम्ही... मला तिच्यासारखं कुणीच दिसत नाही अजून. रस्त्यातसुद्धा. राग आला?

ती: नाही. सुटल्यासारखं वाटलं. आल्यापासून पोट आत ओढून बसले होते.

सर: मग वहिनीला हो कशाला म्हणालो, असं विचाराल तुम्ही.

ती: विचारणारच होते.

सर: शेवटची बॅच सुटली की दार लावतो. मग सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. परवा मीटर बघायला माणूस आला होता. त्याच्या पावतीवर स्पेलिंग चुकलं होतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि अर्धा तास स्पेलिंग शिकवलं. जाताना तो म्हणाला, काका, घरी कुणी नाही का?

ती: काय सांगितलंत?

सर: बाजारात गेलीय म्हणालो.

ती: ...मी एक सांगू? हसू नका. चष्मा नीट बसवायचा म्हणजे माणसाच्या कानामागे बोट घालावं लागतं. काडी कुठे रुतते, कुठे सुटते, ते बघायला. दिवसभर माझे हात लोकांच्या कानाला, कपाळाला, केसांना. आणि घरी गेल्यावर भांडी घासताना कधी मनात येतं, मेलं, आपल्याला कुणी शेवटचं हात लावून किती दिवस झाले असतील?

सर: हसलो नाही.

ती: दिसलं. द्या इकडे.

सर: काय?

ती: तुमचा चष्मा. मघापासून घसरतोय आणि तुम्ही बोटानं वर सारताय. बघवत नाही मला. केवढी सैल झालीय डावी काडी! यावरच झोपता की काय?

सर: कधी कधी. वाचता वाचता.

ती: मान सरळ. हलू नका. रुततंय?

सर: नाही.

ती: बघा आता. दिसतंय नीट?

सर: तुमच्या भुवईपाशी एक व्रण आहे.

ती: लहानपणी जिन्यावरून पडले होते. आई त्यावर पावडर लावून लावून दाखवायची मला. बघायला पाहुणे यायचे तेव्हा.

सर: आज तिसऱ्यांदा भेटतोय आपण. आधी कसा दिसला नाही?

ती: आधी बघत कुठे होतात? बरं, निघते. उशीर केला तर शेवटची बस जाते.

सर: वहिनीचा फोन येईल. काय सांगू तिला?

ती: खरं तेच. बाई आल्या, चहा गार करून प्याल्या आणि चष्मा दुरुस्त करून गेल्या.

सर: आणि पुढचं?

ती: पुढचं मलाच माहीत नाही, तर त्यांना काय सांगणार? घाई नका करू. माझ्यावर नको आणि त्या फोटोतल्या बाईवर तर नकोच.

सर: थांबा, खालपर्यंत येतो. जिन्यातला दिवा गेलाय.

ती: कशाला? एकटीनं उतरायची सवय आहे मला.

सर: असेल. मला कुणाला पोचवून एकट्यानं परत वर यायची झाली नाही अजून.

ती: मग खाली येऊच नका. दार उघडं ठेवून इथेच उभे राहा. खाली पोचले की हाक मारते.

सर: काय म्हणून माराल? सर नका म्हणू.

ती: बघते ना. तीन मजले आहेत. तोवर सुचेल काहीतरी.