दुसरा उंडा

छबुबाई: साल कुठलं छापलंय म्हणलीस?

रोहिणी: दोन हजार बारा. हे बघा ना काकू, डबीच्या मागं, बारीक अक्षरात.

छबुबाई: बारा न्हाई, अकरा. संक्रांत होऊन आठ दिवस झालते, ज्वारी हुरड्यात आलती. तवा आले ते पिक्चरवाले. सहा दिवस माजी चूल त्यांच्या ताब्यात होती, मला साल इसरंल का?

रोहिणी: शूटिंग अकरा सालात झालं. पिक्चरची सीडी आत्ता निघाली. मधे दिवाळीला पुण्यात टॉकीजला लागला होता, आठवड्यात उतरला. एक म्हातारा, एक म्हातारी, मारामारी नाही, गाणं एकच. कोण बघणार? मी परवा माहेरी गेवराईला गेले, तर स्टँडमागच्या दुकानात ही दिसली. कव्हरवर तुमची चूल! मी दुकानातच ओरडले.

छबुबाई: चूल माजीच हाय. ह्यो डाव्या अंगाचा चिखल मीच लिंपल्याला. कुणाला दावलीस का?

रोहिणी: तात्यांना. सकाळी शाळेत जाताना पारावर भेटले. म्हणाले, आज लाईट तीन ते सहा हाय, तीनला लावू. गल्लीला पण सांगतो म्हणाले, केशरबाईंना वगैरे.

छबुबाई: आगं माय! केशरबाईला बी? रोहिणी, लेकी, आण ती शीडी इकडं.

रोहिणी: कशाला?

छबुबाई: चुलीत घालते. सांगू, हातातून पडली नि फुटली.

रोहिणी: काकू! वेड लागलंय का तुम्हाला? सगळ्या वडगावात एक तुमचे हात पिक्चरमध्ये आहेत आणि तुम्ही...

छबुबाई: तेच तर. हातच हायेत.

रोहिणी: मग? तात्यांना माहीत आहेच की. पिक्चरमधल्या त्या पुण्याच्या बाईला भाकरी येत नव्हती म्हणून तोंड तिचं आणि हात तुमचे. तात्या तर शाळेत येऊन आमच्या हेडमास्तरांना सांगून गेले होते.

छबुबाई: त्यांना पैल्या पाच दिवसांचं म्हाईत हाय. सहाव्या दिवसाचं न्हाई. सहाव्या दिवशी हे केजला बाजाराला गेलते.

रोहिणी: काय झालं सहाव्या दिवशी?

छबुबाई: दार लोट. हां. बस हितं. हे बग, तू माज्या पुढच्या खोलीत राहतीस, तीन वर्सं झाली, कुठली गोष्ट तुज्यापसून लपवली न्हाई. ही लपवली. त्या पिक्चरमदी शेवटाला म्हातारा मरतो.

रोहिणी: हो, मागं लिहिलंय तसं.

छबुबाई: मग म्हातारी एकटी उरती. चुलीपुढं बसती नि एकट्यापुरती भाकर करती. त्यो पिक्चर काढणारा सायब, विजयसिंह, मला म्हणला, आजी, आता ही बाई विधवा हाय. हातात बांगड्या नकोत.

रोहिणी: अरे देवा.

छबुबाई: मी म्हणलं, न्हाई जमायचं. माजा मालक जित्ता हाय, बाजाराला गेलाय, सांजच्या पारी येईल. तर ती पुण्याची बाई रडाया लागली. मी न्हाई म्हणल्यापसून तिनंच बारा भाकरी थापल्या, बाराच्या बारा तव्यावर जाताना तुटल्या. लाईटवाले बेजार. सायब म्हणला, एका मिन्टाचं काम हाय, तुमच्यावानी हात मला महाराष्ट्रात घावायचा न्हाई. खोटं कावून बोलू, मला बरं वाटलं. चाळीस वर्सांत भाकरीला कुणी चांगलं म्हणल्यालं आठवत न्हाई. म्हणलं, एकच मिन्ट.

रोहिणी: आणि काढल्या?

छबुबाई: साबण लावून. हात वाळलेत आता, सरासरा आल्या. कासार बांगड्या भरताना बी आमी मनगट मोकळं ठिवत न्हाई, दोरा तरी बांधतो. तिथं दोरा बी चालंना, दिसतोय म्हणाले. मग कोपराच्या वर, पोलक्याच्या आत बांधला. पण मनगट मोकळंच ना! नवरा जित्ता असताना.

रोहिणी: म्हणून तुम्ही... थांबा. तुम्ही वर्षभर बिनसाखरेचा चहा पिताय. मला सांगितलं, शुगर निघाली.

छबुबाई: गोड सोडलं. देवाला म्हणलं, चूक माजी हाय, त्यांच्या अंगावर काही येऊ देऊ नकोस. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, आठ दिवस उतरंना, तवा माज्या जिवाचं काय झालं असंल, तूच बग. आता त्यांनी ते डोळ्यानं बघितलं तर काय म्हणतील? बायकोनं माजं मरण करून दाखवलं. नि केशरबाई तर सात गावांत बोभाटा करील.

रोहिणी: फोडायची गरज नाही. रिमोट माझ्या हातात असेल. तो भाग आला की पुढं पळवते. म्हणेन, सीडी अडकतीय.

छबुबाई: जमंल?

रोहिणी: शाळेत पोरांना बालचित्रपट दाखवताना हेच करते मी.

छबुबाई: वहाणा वाजल्या. आले. तोंड पुस तुजं, रडल्यावानी दिसतंय.

जालिंदर: दार कावून लोटलंय भर दुपारी?

छबुबाई: माशा येत्यात.

जालिंदर: माशा दार लोटून जात्यात व्हय? लावा बाई, तीन वाजले. लाईट आली बगा.

रोहिणी: गल्लीतले यायचेत ना तात्या?

जालिंदर: त्यांना उद्या सांगितलंय. आज आपुन तिघंच.

छबुबाई: आवं, पण तुमीच तर सकाळी...

जालिंदर: घरचं हाय, आधी घरच्यांनी बगावं. लावा.

रोहिणी: हं. लागली. ही नावं येतायत. तात्या, हा बघा तुमचा ओटा!

जालिंदर: माजी बाज! आगं, बाज बग. टीव्हीत लई लांब दिसती. ह्यो कोण?

रोहिणी: हाच म्हातारा. हिरो.

जालिंदर: धोतर बग कसं नेसलाय, बँडवाल्यावानी. मी त्याला दोनदा नेसवून दिलतं. म्हणायचा, आजोबा, सुटत तर न्हाई ना? म्हणलं, तू पळू नगस, सुटत न्हाई.

छबुबाई: नि ही बया. फुंकणी वीतभर लांब धरून फुंकतीय. अशानं जाळ लागंल का?

जालिंदर: लागला की.

छबुबाई: त्यो मी लावला. आता हात येतील बगा. हे! हे माजे.

रोहिणी: काकू, किती सुंदर दिसतायत!

जालिंदर: तिसऱ्या थापेला फिरवती.

छबुबाई: काय?

जालिंदर: भाकर. दोन थापा नि तिसऱ्याला फिरवती तू. मला आज कळलं.

छबुबाई: ताटाम्होरं बसणाऱ्याला काय कळणार.

रोहिणी: तात्या, हे बोलणं किती तुमच्यासारखं आहे बघा. तो म्हणतो भाजीत मीठ कमी आहे आणि ती म्हणते, मग उठून घ्या.

जालिंदर: आमच्याकडूनच उचललंय. त्यो सायब पाच दिवस वही घेऊन बसलता. मला वाटलं हिशोब लिवतोय.

छबुबाई: आता पुढं काय न्हाई. बंद कर गं, चहा ठिवते.

जालिंदर: म्हातारा आजारी पडलाय नि बंद कावून? बस.

रोहिणी: गेला बिचारा. तात्या, सीडी जरा अडकतीय वाटतं. मी पुढं...

जालिंदर: अडकत न्हाई, बाई. तुमी बटन दाबताय. मागं घ्या.

रोहिणी: अहो, ते...

जालिंदर: मागं घ्या म्हणलं. आणखी. हां, बास. हितून लावा.

छबुबाई: आवं, माजं ऐका. मी सांगते. त्या दिवशी तुमी केजला गेलते नि त्या सायबानं...

जालिंदर: गप. बगू दे.

रोहिणी: काकू, बसा खाली. बसा.

जालिंदर: मोकळे हायेत हात.

छबुबाई: चुकलं माजं. देवाची शपथ, दोरा बांधलता वर.

जालिंदर: ह्यो उंडा मळला. थापली. फिरवली. टाकली तव्यावर. आता ही एकटीच हाय ना, बाई, पिक्चरमदी?

रोहिणी: हो.

जालिंदर: मग पीठ दोघांचं कावून घेतलंय? बगा, काठवटीत पीठ बगा. पुन्यांदा उंडा घेती ही. दुसरा घेतला. थांबली. हात थांबला बगा तिचा.

छबुबाई: ती चूक झालती. सायबानं सांगितलं होतं, आजी, एकच भाकर. हाताला कुठं कळतंय? चाळीस वर्सं दुसरा उंडा तुमचा. हात गेला. मग ध्यानात आलं, म्हणलं हे काय करतीय मी, कुणाच्या मरणाची भाकर थापतीय. पण समोर सगळी टकमक बगत होती, म्हणून थापली ती बी. मी म्हणलं, सायब, चुकलं, पुन्यांदा करते. त्यो म्हणला, आजी, पुन्हा न्हाई. नि उठून भायेर जाऊन उभा राह्यला.

रोहिणी: पिक्चर इथंच संपला की. दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि नावं आली.

छबुबाई: बोला की काहीतरी. शिव्या द्या.

जालिंदर: मला म्हाईत हाय.

छबुबाई: काय म्हाईत हाय?

जालिंदर: तू बांगड्या काढल्या ते. त्याच दिवशी कळलं. बाजारातून आलो, जेवाया बसलो. तुज्या उजव्या हातात सात असत्यात नि डाव्यात सहा. लगीन झाल्यापसून तसंच. त्या दिशी उजव्यात सहाच होत्या, काढून परत भरताना चुकलीस.

छबुबाई: तुमी मोजल्या?

जालिंदर: मोजाया कशाला लागत्यात? वाढताना तुजा उजवा हातच दिसतो मला, रोज, दोन्ही वखताला. तोंड कुठं दिसतंय, पदर असतो.

छबुबाई: नि सव्वा वर्स बोलला न्हाईत?

जालिंदर: काय बोलू? जित्ता होतो की.

रोहिणी: तात्या, त्यांनी वर्षभर गोड सोडलंय तुमच्यासाठी.

जालिंदर: ते बी म्हाईत हाय. शुगरची गोळी आणाया मला कंदी धाडलं न्हाई. गोळी न्हाई तर शुगर कशाची? म्हणलं, सांगंल तवा सांगंल.

छबुबाई: माज्या जिवाला घोर नि तुमी मजा बगत बसला!

जालिंदर: मजा न्हाई. तू दुसऱ्याच्या पिक्चरमदी बी दुसरा उंडा घेतलास ते मला आज कळलं. तेवढं म्हाईत नव्हतं. बाई, आता चहा तुमीच ठिवा. हिच्या कपात दोन चमचे घाला.

छबुबाई: दोन न्हाई, एकच. सवय मोडलीय.

जालिंदर: दोन.

(तेरा वर्षांनंतर, दुपारी, त्याच घरात.)

रोहिणी: तात्या, दार उघडंच ठेवता?

जालिंदर: माशा येत्यात का बगतोय. कोण, बाई? या या. दिंद्रुडहून आला? हेडमास्तरीण झालात म्हणं.

रोहिणी: झाले. सुट्टी होती, म्हटलं भेटून यावं. काकू गेल्या तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, येता आलं नाही. मनात राहिलं होतं.

जालिंदर: तीन वर्सं होतील पोळ्याला. काही दुखलं न्हाई, सकाळी चहा पिली नि आडवी झाली. दोन चमचे घातले होते. भरल्या हातानं गेली, उजव्यात सात नि डाव्यात सहा. तिला तेच पायजे होतं. मी मरंन म्हणून भीत होती नि सोताच म्होरं गेली.

रोहिणी: नवनाथभाऊ चाकणलाच?

जालिंदर: तिथंच. लेक म्हणतो, तिकडं चला. मी म्हणलं, तिथं चूल न्हाई. म्हणतो, गॅस हाय. म्हणलं, गॅस हितं बी हाय. केशरबाई लेकीकडं गेली लातूरला, आता तिला ऐकू येत न्हाई, तिच्यावर ह्यापरीस वाईट वखत कंचा येणार?

रोहिणी: तात्या! आणि ते विजयसिंह?

जालिंदर: एकदा येऊन गेला, ती गेल्यावर. केस पांढरे झाले त्याचे. म्हणला, पुन्हा पिक्चर जमला न्हाई, आता कॉलेजात शिकवतो. पोरांना तिचा हात दाखवतो म्हणं, दर साली. पुण्याची बाई टीव्हीत सासू असती. अजून भाकर येत नसंल.

रोहिणी: सीडी आहे का हो अजून?

जालिंदर: मशीन मोडलं, शीडीला चरे पडले. नवनाथाचा पप्पू लई हुशार, त्यानं मोबाईलमदी टाकून दिली. त्यो बगा, पिठाच्या डब्याला टेकून ठिवलाय. रोज लावतो.

रोहिणी: रोज पिक्चर बघता?

जालिंदर: पिक्चर कोण बगतंय? शेवटाचंच लावतो. तिच्याकडं बगत थापायची. दोन थापा नि तिसऱ्याला फिरवायची. पैल्या महिन्यात लई तुटल्या, पुण्याच्या बाईवानी. आता जमत्यात. बसा, गरम हाय, ठेचा हाय.

रोहिणी: अहो, पण मी येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. दोन कशा काय झाल्या?

जालिंदर: रोजच दोन होत्यात, बाई. एकीवर थांबायचं तिनं दाखवलंच न्हाई.