माझ्या वतीने कॉम्प्युटर बोलला

तुम्हाला म्हणून सांगते, मॅडमच्या मेसेजला ‘हो मॅडम’ लिहायचीसुद्धा मला लाज वाटते. म्हणून मी कॉम्प्युटरवरच्या चॅटला एक छोटी स्क्रिप्ट जोडली. वर्गाच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला, की माझं ‘हो मॅडम’ आपोआप जायचं.

चार दिवस छान गेले. मग मॅडमनी विचारलं, “गॅदरिंगचं सूत्रसंचालन करायला कुणी तयार आहे का?”

एका सेकंदात उत्तर गेलं, फक्त माझं.

“तू तर हजेरीलाबी नुसता हात वर करतीस,” मैत्रीण म्हणाली.

घाबरून मी मॅडमना गाठलं. स्क्रिप्ट का लिहिली, कशी लिहिली, कुठं चुकली, सगळं एका दमात सांगितलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “लय छान सांगितलंस गं. स्टेजवर बी असंच बोलायचं.”