वाट बघत बसलेलं ग्राफिक्स कार्ड

मी मूळची अमरावतीची. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे अमेरिकेत ट्रॉयला आले, आणि मग काय सांगू तुम्हाला, डिपेंडंट व्हिसा म्हणजे काम करायचं नाही, तर बसले घरी, डिग्री घेऊन बसले. बसून बसून डोकं फिरलं तेव्हा घरचाच कम्प्युटर उघडला, पुन्हा जोडला, त्यातच रमले, आणि वर्क परमिट आलं तशी इथल्या रिपेअरच्या दुकानात लागले. गेमिंगचे कम्प्युटर सगळे माझ्याकडे.

तर आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक काका आहेत, रिटायर झालेले डॉक्टर. काकूंचं डायलिसिस सुरू झालं आणि त्यांचं भारतात जाणं संपलं. काकू मालवणकडच्या, आचऱ्याच्या. म्हणून काकांनी विमान उडवायचा गेम घेतला, खरीखुरी पृथ्वी दिसते त्यात, की हिला हिची खाडी दाखवू. पण ते चालेचना. समुद्रावर असेपर्यंत छान, किनाऱ्यावरची झाडं-घरं आली की चित्र अडकत अडकत पुढे, काकूंना गरगरायचं, म्हणायच्या बंद करा हो, राहू दे. काकांनी मग पडद्यावरचं चित्र काढणारं भारीतलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं, तरी तेच. माझ्याकडे आले ते चिडूनच, म्हणे कार्ड डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न करायचंय.

मी म्हटलं थांबा हो काका जरा. कोणी सांगितलं म्हणून पार्ट काढायचा, हे मी करत नाही, नवरा म्हणतो हट्टी आहेस, असेन. गेम लावला आणि आधी चित्र मुद्दाम धुरकट केलं, म्हणजे कार्डाला काम कमी. दोष कार्डाचा असता तर गेम पळाला असता. नाही पळाला, तसाच अडकला. बघते तर कार्ड अर्धं रिकामं, चक्क बसलेलं. काका म्हणाले अगं, पण प्रोसेसरही रिकामाच दिसतोय. इथेच सगळे फसतात बघा. एकूण आकडा कमी दिसतो, पण प्रोसेसरच्या आतले कामकरी, म्हणजे कोअर, एकेक वेगळे उघडून दाखवले, तर बाकीचे निवांत आणि एकटाच घामाघूम. त्यानं काम तयार करून दिलं तरच कार्ड चित्र काढणार. मोठी शेगडी पेटलेली आणि भाजी चिरणारी एकटीच, असं झालेलं. प्रोसेसर किती जुना काका? तर म्हणे अगं चालतोय की चांगला, टाकायचा कशाला. हे आपल्याच लोकांचं. नवं आणतील, पण जुनं सोडणार नाहीत.

खरं सांगू, मला त्या कार्डाची दया आली. अंगात ताकद असून कोणी काम देईना म्हणून बसणं काय असतं, ते मला विचारा. राग येतो हो अजून.

नवा प्रोसेसर, त्याला चालणारा मदरबोर्ड, सगळं घालून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन लावलं. काकू शाल घेऊन खुर्चीत. समुद्र सरला, किनारा आला, माड आले, आणि विमान कसं अगदी संथ. खाडीचं वळण आलं तशा काकू पुढे सरकल्या. काका म्हणाले खाली घेऊ का, घर शोधू. नको म्हणाल्या, आपलं घर नसेल त्यात, भलतंच काहीतरी असेल, असंच वरून चालू द्या. मग हळूच म्हणाल्या, इथून होडी सुटायची, पलीकडे माझी आत्या. काका विमान तिथेच गोल गोल फिरवत राहिले.

मग काकू मला म्हणतात, तुझं गाव सांग, तुलाही नेतील हे. जिभेवर आलं होतं. पण म्हटलं नको काकू. माझी आई आहे तिकडे, आणि परतीच्या व्हिसाचा शिक्का अडला तर परत येता येणार नाही, नोकरी जाईल, या धास्तीनं मी कितीतरी वर्षं गेलेच नाही. पण काकूंसारखं नाही, मला अजून खरोखर जाता येतं ना. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं तिकिटं काढ, व्हायचं ते होऊ दे. काल झाली तिकिटं. आईला फोन केला, येतेय म्हटलं, तर म्हणे दरवेळी असंच म्हणतेस. तिकिटाचा फोटो पाठवला. मग ती त्यावरची तारीख मोठ्यानं वाचायला लागली, पुन्हा पुन्हा, आणि मीही फोन ठेवला नाही.